कापसाचा चुकारा, दिवाळीचा शिधा आणि गावचे समाजमंदिर

कोजागिरी सरली की विदर्भातील अनेक गावांत समाजमंदिराची, प्रार्थना मंदिराची किंवा विहाराची झाडलोट सुरू होते आणि वसुबारसेच्या आत तेथे रवा, साखर, हरभऱ्याची डाळ, तेल, लहान मुलांचे कपडे, कोठे कोठे साडी-चोळी असे सामान भूमिहीन मजुरांच्या, निराधार महिलांच्या आणि शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या कुटुंबांच्या हाती दिले जाते. या कार्यक्रमाची बातमी बहुधा छायाचित्रापुरती असते. देणारे उभे, घेणारी बाई पदर सावरत मधोमध, मागे फलक. हे काम गावातील एका सार्वजनिक वास्तूकडे कसे आले आणि नेमके याच पंधरवड्यात त्याची गरज का पडते, हे मात्र त्या छायाचित्रातून कळत नाही. त्याचे कारण पिकाच्या वेळापत्रकात आहे. दिवाळी अगोदर येते आणि कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, नंतर येतो.

निजामाशी झालेल्या कराराने १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अचानक भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. ज्वारीच्या रानात कापूस वाढला, पैसा खेळू लागला आणि त्याच्यासोबत सावकाराची वहीही प्रत्येक घरात आली. ज्वारी घरच्या कणगीत राहत असे आणि वेळेला दळून खाता येत असे. कापसाचे तसे नाही, तो विकल्याशिवाय चूल पेटत नाही. जून-जुलैत पेरलेल्या कापसाची वेचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन माघापर्यंत चालते. शेतात सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, करून पहिला वेचा घरी येतो न येतो तोच दिवाळी दारात उभी असते. म्हणून ज्याच्याकडे तग धरण्याची ऐपत नव्हती त्याने वेचणीआधीच, येणाऱ्या कापसाच्या भरवशावर, दुकानातून उधारीने सण आणला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी, विशेषतः दुसऱ्याने, ही व्यवस्था किती ठिसूळ होती ते उघड केले.

त्यापूर्वी सणाला गरिबाच्या घरी काहीच जात नव्हते असे मात्र नाही. गुढीपाडव्याला सालगड्याचे, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या शेतमजुराचे, साल ठरे तेव्हा धान्य आणि रोख रकमेबरोबर कपड्यांचाही उल्लेख होई आणि पोळ्याला बैलांच्या साजाबरोबर सालगड्यालाही नवे कापड मिळे. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोरांना आजही बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, दिला जातो. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनाच्या वेळी गुरे राखणाऱ्या गोवारी मंडळींना घरोघरी दाणा-पैसा दिला जाई. बलुतेदाराचा वाटा खळ्यावरच ठरलेला असे. हे सारे दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून घेतले जाई आणि त्यात घेणाऱ्याला संकोच वाटत नसे. पण या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही, कारण कोणी ओसरीवर यायचे आणि कोणी अंगणाबाहेर उभे राहायचे हे त्यात जातीने ठरत होते. शिवाय ज्वारीची रास खळ्यावर मापून वाटता येते, कापूस गाडीत भरून थेट बाजारात जातो. पीक बदलले तसा खळ्यावरचा वाटाही आक्रसत गेला आणि त्याची जागा भरणारे दुसरे काही गावात बराच काळ उभे राहिले नाही.

ती जागा ज्यांनी सर्वांत आधी ओळखली त्यांत संत गाडगेबाबांचे नाव घ्यावे लागते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या बाबांनी पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत अंध, अपंग आणि भुकेल्यांना जेवू घालण्याचा पायंडा पाडला. यात्रा पौषातली, म्हणजे वेचणीच्या ऐन हंगामातली. भुकेल्यास अन्न आणि उघड्यास वस्त्र देण्याचा आग्रह धरणारे बाबा कीर्तनातून कर्ज काढून सण-समारंभ करणाऱ्यांना तितक्याच कठोरपणे झोडपत. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण त्यांच्या विचारात त्या एकच होत्या, कारण सणापायी झालेले कर्ज हेच पुढच्या उपासमारीचे मूळ असल्याचे त्यांनी घरोघरी पाहिले होते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी या कामाला वास्तू आणि संघटना दिली. १९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. पुढे गावोगाव श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा निघाल्या आणि सामुदायिक प्रार्थनेसाठी एखादी खोली, ओटा किंवा मंदिर उभे राहिले. रोज संध्याकाळी सर्व जातींच्या लोकांनी एका ठिकाणी बसावे हा त्यामागचा हेतू होता. व्यवहारात त्याचा आणखी एक परिणाम झाला. रोज भेटणाऱ्या माणसांना कोणाच्या घरी आजार आहे, कोणाची मजुरी थकली आहे हे विचारावे लागत नाही. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले आणि त्यांची पुण्यतिथी दरवर्षी दिवाळीच्या थोडी आधी येते. त्या निमित्ताने धान्य गोळा करण्याची, महाप्रसाद रांधण्याची आणि वर्गणी जमवण्याची यंत्रणा गावात आधीच हलती झालेली असते. दिवाळीचा शिधा वाटण्याचे काम तिच्याकडे आले यात म्हणूनच नवल नाही.

गावाच्या दुसऱ्या टोकाला हेच काम वेगळ्या वाटेने आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूर येथे दीक्षेचा सोहळा झाला. विदर्भातील वस्त्या-वस्त्यांत त्यानंतर विहार उभे राहिले आणि समाजकल्याण विभागाच्या योजनांतून समाजमंदिरे बांधली गेली. धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांसाठी वर्षाचा मोठा दिवस दसऱ्याचा, धम्मचक्र प्रवर्तनाचा, त्यामुळे विहारातील वह्या-पुस्तकांचे, कपड्यांचे आणि भोजनदानाचे कार्यक्रम दिवाळीऐवजी त्या दिवसाभोवती गुंफले गेले. १९९३ मध्ये खासदार निधी सुरू झाल्यानंतर गावात आणखी सभागृहे आणि सांस्कृतिक भवने आली. ती कोणाच्या वस्तीत बांधली गेली यावर तेथे कोण पाय ठेवतो हे आजही बऱ्याच अंशी अवलंबून असते आणि एकाच गावात दोन वास्तूंत दोन याद्या तयार होण्याचे कारणही तेच आहे.

शासनाने हा प्रश्न पैशाच्या बाजूने सोडवू पाहिला. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेने हमीचा ग्राहक दिला खरा, पण चुकारे हप्त्याहप्त्याने येत. दिवाळीपुरते दोन पैसे हवे असणारा लहान शेतकरी खेडा खरेदी करणाऱ्या, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या, व्यापाऱ्याला पडत्या भावात कापूस देत राहिला. सोयाबीन विदर्भात इतक्या वेगाने पसरले त्यामागेही, माझ्या मते, हेच कारण मोठे आहे: ते दसऱ्याच्या आसपास निघते आणि दिवाळीच्या आत विकता येते. मात्र परतीचा पाऊस लांबला की कापून रचलेली गंजी भिजते, दाणा काळा पडतो आणि नेमका सणाचा पैसा जातो.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ च्या जुलैमध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या दौऱ्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्या काळापासून बाहेरच्या शहरांतून येणारी दिवाळीची मदतही वाढली आणि ती उतरवायला जागा म्हणून गावचे समाजमंदिर पुढे आले. मदत कोणाला द्यायची याची यादी मात्र बहुतेकदा सरकारी दप्तरातून घेतली जाई. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी जमीन नावावर असणे आणि कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असणे आवश्यक होते. जमीन सासऱ्याच्या नावावर, शेती मक्त्याची किंवा कर्ज नातेवाइकाकडचे असेल तर प्रकरण अपात्र ठरे. म्हणजे जिला खरी गरज तीच बाई यादीत नसे. मंडळाच्या किंवा बचत गटाच्या बायकांनी हाताने केलेल्या यादीत ती सापडते, आणि गावच्या वास्तूतून होणाऱ्या वाटपाचे मला वाटणारे सर्वांत मोठे मोल हेच आहे. त्याच याद्यांत सरपंचाची नातीगोती शिरतात, हेही तितकेच खरे.

शिधापत्रिकेच्या वाटेने जाणारी मदत याहून कितीतरी मोठी होती. २०२२ च्या दिवाळीला राज्य शासनाने ‘आनंदाचा शिधा’ आणला: रवा, हरभरा डाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो, एक लिटर पामतेल, किंमत शंभर रुपये. पहिल्याच वर्षी अनेक दुकानांत एखादा जिन्नस उशिरा आला. पुढे गुढीपाडवा, गणेशोत्सव असे सण त्यात जोडले गेले, पण २०२५ च्या दिवाळीला तो मिळाला नाही. शासकीय संच थांबला की त्याचा भार गावातील वर्गणीवर येतो आणि त्या वर्षी सोयाबीन भिजलेले असेल तर वर्गणी देणाऱ्याचाही हात आखडता असतो. भिशी लावून वर्षभर थोडे थोडे साठवणाऱ्या मजूर बायका या हिशेबात अधिक सावध असतात. त्यांची भिशी फुटते ती दिवाळीच्या आधीच.

हे सारे प्रामुख्याने कापूस-सोयाबीनच्या विदर्भाचे वर्णन झाले. पूर्वेकडील धानाच्या पट्ट्यात भाऊबीजेनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम असतो आणि घरात खर्च त्या वेळी होतो. अमरावती जिल्ह्यातील डोंगराळ मेळघाटात तर कोरकू आदिवासींचा मोठा सण होळी आहे. कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे तेव्हा चिखलदरा-धारणीतील आपापल्या गावी परततात आणि फगवा, म्हणजे होळीची देणगी, मागत फिरतात. बाहेरचे दाते मात्र तेथेही दिवाळीतच फराळ आणि कपडे घेऊन जातात, जेव्हा अनेक घरांना कुलूप असते. मेळघाटात ज्या महिन्यांत धान्य संपते आणि लहान मुलांचे वजन घसरते ते पावसाळ्याचे असतात. म्हणून तेथील समाजमंदिरातील साठा आषाढ-श्रावणासाठी राखून ठेवणे आणि कपड्यांचे वाटप होळीवर नेणे, हा बदल दात्यांना पटवणे हेच स्थानिक कार्यकर्त्यांपुढचे काम आहे.