‘माडुत्तेने’चं मराठी काय?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला गेलो होतो. नववीच्या वर्गाला विचारलं, “माणूस पक्षपात करतो, यंत्र करतं का?” एका सुरात उत्तर आलं, “न्हाई सर!” यंत्राला ना जात ना भावकी, मग ते कुणाची बाजू घेईल?

मी मोबाइल काढला. इथल्या पोरांना कानडी येतंच. एकीने वाक्य दिलं, “नानु ट्रॅक्टर ओडिसुत्तेने.” भाषांतर आलं, ‘मी ट्रॅक्टर चालवतो.’ मग, “नानु अडिगे माडुत्तेने.” आलं, ‘मी स्वयंपाक करते.’ मागच्या बाकावरून आवाज आला, “माझे बाबा आचारी हाईत की!”

कानडीत ‘माडुत्तेने’ बाईने म्हणा की बुवाने, रूप एकच. प्रमाण मराठीत मात्र ‘करतो’ की ‘करते’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. (बेळगावकडच्या कितीतरी बायका ‘मी जातो, मी येतो’च म्हणतात. यंत्राने त्यांच्याकडून मराठी शिकायला हवं होतं!) मूळ वाक्यात नसलेलं लिंग यंत्र आणतं ते माणसांनी आजवर लिहिलेल्या मजकुरातून.

खरी गंमत पुढे आहे. समजा, त्या मजकुरात ट्रॅक्टर चालवणारे ७० पुरुष आणि ३० बायका आहेत. यंत्र ‘चालवतो’ला ०.७ आणि ‘चालवते’ला ०.३ शक्यता देतं. इथवर ते फक्त आरसा आहे. पण उत्तर एकच द्यायचं, म्हणून ते मोठी शक्यता उचलतं, आणि दर वेळी तीच. शंभरदा विचारा, शंभरदा ‘चालवतो’. सत्तराचे शंभर झाले, तीस बायका शेतातून गायब! वर्गात आम्ही पिशवीत सात काळी, तीन पांढरी बटणं टाकली. न बघता काढलं की अधूनमधून पांढरं येई. ‘जे जास्त तेच दाखवायचं’ असा नियम केला की कधीच येईना. अशी भाषांतरं पुन्हा इंटरनेटवर जातात आणि पुढचं यंत्र तीच वाचून शिकतं.

‘एआयने काढलेली अचूक पत्रिका’ विकणारे याच भाबडेपणावर जगतात. ग्रहांचं गणित संगणक बिनचूक करील. पण मंगळामुळे लग्न अडतं, हे त्यात माणसानेच घातलेलं असतं.

हे भाषेपुरतं नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधक स्त्रियांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांत ३४.७ टक्क्यांपर्यंत.

त्याच वर्षी गुगलने तुर्कीतून (तिथे ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द) इंग्रजीत भाषांतर करताना दोन्ही लिंगांची रूपं दाखवायला सुरुवात केली. “मग सगळीकडे तसंच करायचं की,” एक पोरगा म्हणाला. मी म्हटलं, दहा वाक्यं असतील तर? दर वाक्यात बोलणारा वेगळा धरून त्याने फळ्यावर दोनाचा दहावा घात केला, १०२४ भाषांतरं आली, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली.