आयएसएसएन म्हणजे मान्यता नव्हे

‘सर, जर्नलला आयएसएसएन आहे, म्हणजे यूजीसीमान्यच की!’ पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडून, आणि खरं सांगायचं तर काही प्राध्यापकांकडूनही, हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग; पण आयएसएसएन म्हणजे त्याची मान्यता, हे चूक आहे.

आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ आकडी ओळखक्रमांक. उदाहरणार्थ, ०३७८-५९५५. शेवटचा ५ हा आधीच्या सात आकड्यांवरून गणिताने काढलेला पडताळा-अंक असतो. आकडा लिहिताना चूक झाली तर लगेच कळावी म्हणून. बस, एवढंच. पाककृतींच्या मासिकालाही तो मिळतो. आतले लेख कुणी तपासले, तपासले का, याच्याशी त्याचा संबंध नाही. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून ब्रेक चांगले असतीलच, असं कुणी म्हणत नाही.

यूजीसीने मे २०१८मध्ये आपल्या मान्य जर्नल्सच्या (शोधपत्रिकांच्या) यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकली. मग तिच्या जागी ‘केअर’ नावाची नवी यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे होतं. फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद झाली. तरी मुखपृष्ठांवर ‘यूजीसी केअर लिस्टेड’ अजून झळकतंच!

तेव्हा तपासायचं ते वेगळंच. संपादक मंडळातल्या माणसाच्या विद्यापीठाच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का? जुन्या अंकातले दोन लेख स्वतः वाचा. ‘तीन दिवसांत प्रकाशन, शुल्क आधी भरा’ असा व्हॉट्सअ‍ॅप आला असेल, तर तीन दिवसांत परीक्षण कसलं होणार? शंका वाटली तर ग्रंथपालांना विचारा. आपल्याकडे त्यांच्याकडे फक्त नो-ड्यूजच्या सहीसाठी जातात.