रेघा किसाच्या, क्षेत्र चुंबकाचं

चुंबक कधीही थेट लोहकिसात घालू नये, हे मी एकदा घालूनच शिकलो. कितीही खरवडा, ती काळी मिशी निघत नाही. तेव्हा चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर जाड कागद आणि मग चिमटीने भुरभुरलेला कीस. कीस मिळाला नाही तर पिशवीतला चुंबक नदीच्या वाळूत फिरवा. दख्खनच्या बसाल्टात, म्हणजे काळ्या कातळात, मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं, त्याचे काळे कण वाळूत सापडतात.

नुसता कीस टाकून फारसं काही दिसत नाही. गंमत टिचकीत आहे. कागदाला टिचकी मारली की कण क्षणभर उडतो, कागदाची पकड सुटते आणि तेवढ्यात तो वळून घेतो. चुंबकाजवळ प्रत्येक कण स्वतःच इवलासा चुंबक झालेला असतो. एकाचं उत्तर टोक पुढच्याच्या दक्षिण टोकाला भिडतं आणि माळ होते. शेजारच्या माळा मात्र एकमेकींना दूर लोटतात, म्हणून मध्ये फट राहते.

आता कीस झटकून पुन्हा भुरभुरा. एकंदर आकार तोच, पण मघाशी जिथे फट होती तिथे आता रेघ! म्हणजे चुंबकाचं क्षेत्र, त्याचा प्रभाव जिथे जाणवतो तो भोवताल, सगळीकडे सलग पसरलंय, रेघा काढतोय तो कीस. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत हे कळत नाही. शिवाय कीस ध्रुवांकडे ओढला जाऊन तिथे जास्तच गोळा होतो, त्यामुळे नुसत्या दाटीवरून क्षेत्राची ताकद मोजता येत नाही. दिशाही तो अर्धीच सांगतो; रेषा इकडून तिकडे की तिकडून इकडे, त्यासाठी होकायंत्रच हवं.

वीज आणि चुंबकावर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे पोरवयात लंडनमध्ये बुकबाइंडरकडे उमेदवारी करत होता, डिंक-कागदाशी त्याची जुनी ओळख. १८५१ च्या सुमारास त्याने डिंक लावलेल्या कागदावर किसाच्या या नक्ष्या कायमच्या उतरवून घेतल्या. त्याला या रेषा खऱ्याच वाटत: लांबीत ताणलेल्या रबरासारख्या आकसू पाहणाऱ्या, बाजूंना एकमेकींना ढकलणाऱ्या. त्याचं गणित बेताचंच होतं. पुढे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने क्षेत्राचं गणित मांडलं. त्यात सुट्या रेषा उरल्या नाहीत, पण लांबीतला ताण आणि आडवा दाब मात्र दोन्ही निघाले.