जॉब कुठल्या मशीनवर चढवायचा?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीतून आलेलं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये आधी लेथच्या चकात बसतं, मग व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर जातं, शेवटी ग्राइंडिंगला. लहान लॉट असेल तर कापण्यापेक्षा उतरवून पुन्हा बांधण्यात आणि डायल लावून सेटिंग करण्यातच जास्त वेळ जातो.

संगणकातही आता अशीच वेगवेगळी यंत्रं असतात. सीपीयू, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, हा सगळी कामं येणारा जुना कारागीर. जीपीयू या मुळात ग्राफिक्ससाठी बनलेल्या चिपमध्ये हजारो लहान गणकं एकच क्रिया एकदम करतात. एफपीजीए नावाच्या चिपची तर आतली जोडणीच कामाप्रमाणे बदलता येते.

मग सगळं जीपीयूवरच का टाकू नये? हिशेब करून बघू. दहा-दहा कोटी आकड्यांच्या दोन याद्यांची बेरीज करायची आहे. प्रत्येक आकडा ४ बाइटचा, म्हणजे ८० कोटी बाइट जीपीयूकडे न्यायचे आणि ४० कोटी परत आणायचे. वाटेचा वेग सेकंदाला ३२ गिगाबाइट धरला, तर नुसत्या ने-आणीला सुमारे ३७ मिलिसेकंद लागतात. जीपीयूची स्वतःची मेमरी सेकंदाला दीड हजार गिगाबाइट हलवत असेल, तर प्रत्यक्ष बेरीज एका मिलिसेकंदाच्या आत उरकते. सीपीयूची मेमरी सेकंदाला ५० गिगाबाइट हलवते असं धरलं, तर तो जागच्या जागी २४ मिलिसेकंदांत मोकळा! सगळी गोम बांधणी-उतरवणीत आहे.

प्रोग्रॅमिंगची साधनं बनवणाऱ्यांची खरी कसोटी इथेच लागते. जीपीयू बनवणाऱ्या एनव्हीडिया कंपनीचं कुडा हे प्रोग्रॅमिंगचं साधन २००७ मध्ये आलं, पण ते त्यांच्याच चिपसाठी. २००८ च्या ओपनसीएल या खुल्या मानकामुळे एकच प्रोग्रॅम अनेक कंपन्यांच्या चिपवर चालू लागला. मात्र चालणं वेगळं आणि वेगात चालणं वेगळं. एका चिपसाठी घासूनपुसून बसवलेला कोड दुसरीवर रखडतो. म्हणून कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल असा करणारं सॉफ्टवेअर, आधी प्रोग्रॅमचं एका मधल्या भाषेत रूपांतर करतं आणि तिथून प्रत्येक चिपसाठी वेगळा कोड काढतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालेल्या एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाने ही पद्धत घट्ट रुजवली. २०१९ च्या एमएलआयआरने अशा मधल्या भाषांचे अनेक थर रचायची सोय केली.

मला यातली सर्वांत सुंदर वाटते ती जोडकामाची युक्ती. आधी गुणाकार, मग बेरीज अशा दोन फेऱ्या असतील, तर कंपायलर त्यांची एकच फेरी करतं आणि मधला निकाल मेमरीत ठेवून परत उचलावा लागत नाही. लेथवर एकाच बांधणीत फेसिंग आणि बोअरिंग उरकतात, तसंच.

फौंड्रीत साच्यात ओतलेला धातूचा रस कसा थिजेल, पोकळी कुठे धरेल, हे आधीच दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तर जीपीयू फारच मानवतो. साच्याचे लाखो बारीक चौकोन एकदाच जीपीयूवर चढवायचे. क्षणाक्षणाचं तापमान तिथेच हजारो वेळा काढायचं. खाली उतरवायचं ते शेवटचं चित्र.