डोनर वर्कअप : जिवंतपणी किडनी देणाऱ्याची तपासणी

जिवंत माणूस आपली एक किडनी किंवा लिव्हरचा तुकडा दुसऱ्याला देणार असेल तर त्याआधी त्याच्या ज्या काही तपासण्या होतात त्या सगळ्यांना मिळून दवाखान्यात डोनर वर्कअप म्हणतात. सांगली-मिरजेकडं हा शब्द कुणी वापरत नाही, "मॅचिंग केलं का", "मॅच झालं का" एवढंच विचारतात, आणि घोळ इथंच आहे, कारण मॅचिंग म्हणजे पेशंटशी जुळणं आणि ते या सगळ्यातलं एक छोटं काम. बाकीच्या बऱ्याचशा तपासण्या पेशंटसाठी नसतातच, एक किडनी काढल्यावर हा देणारा माणूस पुढची तीस-चाळीस वर्षं धडधाकट राहील का हे बघायला असतात.

तपासणीच्या आधी प्रश्न येतो नात्याचा. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, महाराष्ट्रात ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको हे जवळचे नातेवाईक, आणि २०११ च्या दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडंही त्यात आली. सून, जावई, मेहुणा, चुलतभाऊ मात्र यात बसत नाहीत, घरात सून कितीही लेकीसारखी असली तरी तिची केस परवानगी देणाऱ्या समितीपुढं जाते आणि पैशाचा व्यवहार नाही ना हे तिथं तपासलं जातं. वय १८ च्या वर पाहिजे. नातं कागदावरही सिद्ध करावं लागतं, आणि आपल्याकडं खरी अडचण तिथं येते, आधारवर सुमन, रेशन कार्डावर सुमनबाई, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नाची नोंद केलेलीच नाही, मग जुना लग्नाचा फोटो शोधा, तहसीलला हेलपाटे घाला. रक्त तपासायला एक दिवस लागतो आणि कागदाला दोन महिने, असंही होतं.

आता मॅचिंग. पहिला ब्लड ग्रुप, त्यात ए, बी, ओ बघतात, पॉझिटिव्ह-निगेटिव्हनं इथं फरक पडत नाही. ग्रुप जुळला नाही तरी वेगळी औषधं देऊन ऑपरेशन होऊ शकतं पण खर्च आणि धोका वाढतो, नाहीतर दोन कुटुंबांनी आपापसात दाते बदलायचे, स्वॅप म्हणतात त्याला, कायद्यात परवानगी आहे. दुसरं एचएलए टायपिंग, म्हणजे पेशींवरच्या आई-बापाकडनं आलेल्या ओळखखुणा किती जुळतात ते बघणं. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, अर्धं जुळायची चारात दोन, काहीच न जुळायची चारात एक. आई-बाप आणि पोरांत साधारण अर्धं जुळतंच. पण आताच्या औषधांमुळं अजिबात न जुळणाऱ्या बायकोची किडनीही नवऱ्याला छान चालते, त्यामुळं एचएलएचा आकडा कमी आला म्हणून रडत बसू नये.

खरं अडवतं ते क्रॉसमॅच. दात्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि पेशंटचं सिरम, म्हणजे रक्तातलं वरचं पाणी, एकत्र करतात, त्यात कंप्लिमेंट (अँटिबॉडी चिकटलेल्या पेशी मारणारी रक्तातली प्रोटीन) घालतात आणि पेशी मरतात का बघतात. मेल्या तर पेशंटच्या अंगात या दात्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रोटीन, आधीच तयार आहेत, नवी किडनी टेबलावरच काळी पडू शकते. पेशी मरणं म्हणजे पॉझिटिव्ह, आणि हे वाईट. फोनवर "पॉझिटिव्ह आलंय" एवढं ऐकून साताऱ्याच्या स्टँडवरनं कंदी पेढे घेऊन निघालेले नातेवाईक या प्रकारात नवीन नाहीत. या अँटिबॉडी आधी रक्त चढवल्यानं, जुन्या ट्रान्सप्लांटनं किंवा बाळंतपणात तयार होतात, म्हणून बायको पेशंट आणि नवरा किंवा मुलगा दाता असला की डॉक्टर जास्त बारकाईनं बघतात.

१९५४ मध्ये बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं तेव्हा यातलं एचएलए, क्रॉसमॅच काही नव्हतं. जुळे भाऊ खरंच एकसारखे आहेत का हे बघायला एकाची कातडी दुसऱ्याला लावून बघितली होती आणि बोटांचे ठसेसुद्धा घेतले होते.

मॅचिंग झालं की दात्याची स्वतःची फाईल सुरू होते आणि ती जाड होत जाते. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते), लघवी, सोनोग्राफी गावात होतं. चोवीस तासांची लघवी साठवणं हे त्यातलं सगळ्यात वैतागाचं काम. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, तिथनं पुढची सगळी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची धरून. पिशवीत कॅन घेऊन एसटीनं लॅबला जाणाऱ्या मावशी लाजतात आणि एखादवेळची लघवी शेतातच सोडून येतात, मग त्यातलं एकूण क्रिएटिनिन कमी दिसतं, लॅबवाल्याला ते कळतं आणि सगळं परत करायला लावतात. यात प्रोटीन किती जातं ते बघायचं असतं, प्रोटीन गळणारी किडनी कुणी काढत नाही.

त्यापुढं डीटीपीए स्कॅन. शिरेत थोडं किरणोत्सारी औषध देतात आणि कॅमेऱ्याखाली अर्धा तास झोपवतात, डावी किडनी किती काम करते आणि उजवी किती हे वेगवेगळं कळतं. दोन्ही मिळून जीएफआर, म्हणजे किडन्या मिनिटाला किती गाळतात तो आकडा, ९० च्या वर असला तर सहसा चिंता नाही, ६० च्या खाली असला तर नाही म्हणजे नाही, मधल्यांचं वय आणि बाकीची तब्येत बघून ठरतं. मग सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, यात औषध जाताना अंगभर गरम लाट गेल्यासारखं होतं, घाबरायचं नाही. किडनीला रक्तवाहिनी एक आहे की दोन-तीन हे त्यात दिसतं. शिर लांब असते म्हणून शक्यतो डावी काढतात, पण नियम असा की दोन्हींतली चांगली देणाऱ्याकडंच राहते.

शुगर, बीपी, ईसीजी, टूडी इको, छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, टीबी, बायकांना पॅप स्मिअर आणि मॅमोग्राफी, हे सगळं असतंच. घरात शुगर असेल तर जीटीटीही (ग्लुकोज पाजून शुगर किती चढते ते बघणं), कारण पेशंटची किडनी शुगरनं गेली असेल तर तोच वारसा भावाकडंही असू शकतो. आपल्या भागात दोन गोष्टी हमखास निघतात. एक मिसरी, बाई सांगते "मला कसलं व्यसन नाही" आणि दात मात्र दुसरं सांगतात. तंबाखूच आहे ती, ऑपरेशनच्या आधी बंद करावीच लागते. दुसरं म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. उसाच्या फडात राबणारी माणसं मेडिकलमधनं परस्पर घेऊन खातात, वर्षानुवर्षं, आणि त्या गोळ्या किडनीला त्रास देतात, हे डॉक्टरला स्वतःहून सांगावं.

मानसोपचारवाला दात्याशी एकट्याशी बोलतो. घरच्यांना ते खटकतं, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच. आपल्याकडं देणाऱ्यांत बायका जास्त, आणि २०१४ च्या नियमांत बाई दाती असेल तर तिची संमती पेशंट सोडून दुसऱ्या कुणीतरी वेगळी पडताळायची असं लिहिलेलंच आहे. कुणाला मनातनं द्यायचीच नसेल तर दवाखाना बाहेर फक्त "मेडिकली बसत नाही" एवढंच सांगू शकतो, कारण सांगत नाही, घरात भांडण होत नाही.

लिव्हरला गणित वेगळं. फॅटी लिव्हर आहे का, सीटीवर आकारमान किती, आणि काढल्यावर देणाऱ्याकडं निदान ३० टक्के उरतं का हे मुख्य. जोखीमही किडनीपेक्षा जास्त.

किडनी देताना मृत्यूचा धोका अमेरिकेतल्या २०१० च्या अभ्यासात दहा हजारांत साधारण तीन निघाला. पुढं आयुष्यात स्वतःवरच डायलिसिसची वेळ यायचा धोका अमेरिकेतल्या २०१४ च्या अभ्यासात दात्यांत दहा हजारांत ९० निघाला, तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्यांत १४, आणि कसलीच चाळणी न लावलेल्या आम जनतेत ३२६. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण ही एवढी जाड फाईल कशासाठी तेही या आकड्यांतच दिसतं.

ऑपरेशनच्या थोडं आधी क्रॉसमॅच परत करतात, आणि भूल देईपर्यंत दाता कधीही नको म्हणू शकतो. ऑपरेशननंतर वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन आणि लघवी तपासायची, जन्मभर, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, तालुक्याच्या लॅबमध्ये होतं.