ओटा, स्टिल्ट आणि पुन्हा ओटा

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत मुख्य रस्त्याला लागून चार-पाच मजली फ्लॅट स्कीम होऊ लागल्या, तशी त्यांच्यासाठी एक वेगळी मांडणीही पुढे येते आहे. रस्त्याच्या बाजूला दुमजली घरांची रांग, प्रत्येकाला रस्त्यावरून स्वतःचं दार, चार पायऱ्या आणि छोटा ओटा. त्यांच्या मागे पार्किंग आणि वर फ्लॅट. नकाशात हे परदेशी दिसतं, पण यातला पुढचा अर्धा भाग इथल्या पेठांनी पूर्वीच बांधून दाखवला आहे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडच्या कापसाला मोठा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. हिंगणघाट, खामगाव, अकोला, अमरावती ही कापसाची गावं वाढली आणि बाजाराच्या रस्त्यावर भिंतीला भिंत लावून घरं उभी राहिली. समोर ओटा, मग ओसरी किंवा पेढी, मध्ये चौक, मागे विहीर आणि सांदवाडी, म्हणजे परसदार. मधल्या घराच्या दोन्ही बाजू शेजाऱ्यांनी झाकलेल्या असल्यामुळे ऊन फक्त पुढून आणि मागून लागे. मातीच्या जाड भिंती दुपारचा ताप आत पोचायला उशीर लावत. ओट्यामुळे पावसाचं पाणी आणि काळ्या मातीचा चिखल दाराबाहेर राही. उन्हाळ्याच्या रात्री बाजाही तिथेच टाकल्या जात.

ही रांग मोडली ती ले-आऊटने, म्हणजे जमिनीचे सुटे प्लॉट पाडण्याच्या पद्धतीने. तीस बाय पन्नास फुटांचा प्लॉट, चारही बाजूंना मोकळी जागा, पुढे कंपाउंड आणि फाटक. घर रस्त्यापासून मागे सरलं, चारही भिंती उन्हात आल्या. पुढे फ्लॅट आले. महाराष्ट्रात १९६३ च्या मालकी फ्लॅट कायद्याने बिल्डरच्या जबाबदाऱ्या ठरवल्या आणि १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याने प्रत्येक घराची वेगळी मालकी व जमिनीतला अविभक्त हिस्सा मान्य केला. गाड्या वाढल्या तसा तळमजला स्टिल्ट, म्हणजे खांबांवरचा उघडा पार्किंगचा मजला झाला. म्हणजे रस्त्याच्या पातळीवर माणूसच राहिला नाही, राहिले नुसते खांब.

हीच अडचण कॅनडातल्या व्हँकुव्हरलाही होती. १९८६ च्या जागतिक प्रदर्शनाची फॉल्स क्रीकच्या उत्तर काठावरची जमीन १९८८ मध्ये विकली गेली. नव्वदच्या दशकात तिथे उंच, सडपातळ इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पायथ्याशी रस्त्याकडे दार असलेली घरं बांधण्यात आली. रस्त्यावर वर्दळ आणि नजर राहावी हा हेतू होता. गाड्या तिथे तळघरात गेल्या. आपल्याकडच्या काळ्या मातीत तळघर म्हणजे पाझर आणि भिंतींवर फुगणाऱ्या मातीचा दाब, त्यामुळे तो भाग जसाच्या तसा उचलू नये. गाड्या घरांच्या मागेच, जमिनीच्या पातळीवर ठेवाव्यात.

तसं केलं की पहिला प्रश्न खांबांच्या अंतराचा. एका गाडीला अडीच बाय पाच मीटर जागा धरली, तर दोन खांबांमध्ये दोन गाड्यांना पाच मीटर मोकळे हवेत. म्हणून पुढच्या घराची रुंदी खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ५.३ मीटर ठेवली की खांब सरळ वर जातात. घरं साडेचार मीटरची करून मागे वेगळे खांब घेतले तर वरचे खांब मधेच बीमवर उभे करावे लागतात. लोखंड वाढतं, बीमही खोल होतात. दुसरा धोका याहून मोठा आहे. पुढे भिंती आणि मागे उघडे खांब असले की तळमजला एका बाजूने ताठ, दुसऱ्या बाजूने लवचीक होतो आणि भूकंपात इमारत पिळते. २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादमध्ये उघड्या स्टिल्टच्या इमारती कोसळल्या. मागच्या बाजूला दोन-तीन कॉंक्रीटच्या भिंती देऊन हा तोल साधावा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या दार आणि नालीमधल्या सात-आठ फुटांत. इमारत पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल ओतलेल्या कॉंक्रीटच्या खांबांवर असते. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल साधारण साडेतीन मीटर खोल जातात आणि त्यांचा बल्ब, म्हणजे खालचा फुगीर भाग, दांड्याच्या अडीचपट रुंद असतो. ओटा मात्र नुसत्या भरावावर बांधून भिंतीला जोडतात. पावसाळ्यात माती फुगते, मे महिन्यात आकसते. इमारत जागची हलत नाही, ओटा हलतो आणि उंबरठ्यापाशी भेग पडते. उपाय दोन आहेत: ओटा इमारतीच्या बीमवरच बाहेर काढायचा आणि खाली आठ सेंटिमीटर पोकळी सोडायची, नाहीतर तो पूर्ण वेगळा ठेवून अडीच सेंटिमीटरचा सांधा द्यायचा आणि खालची काळी माती काढून मीटरभर न फुगणारा मुरूम दाबून भरायचा.

ओट्याची उंची आजच्या रस्त्यावरून मोजून चालत नाही. दर डांबरीकरणात रस्ता वर येतो. साठ सेंटिमीटर उंची घेतली तर पंधराच्या चार उठावांच्या पायऱ्या होतात. त्यांना नव्वद सेंटिमीटर आणि ओट्याला दीड मीटर, म्हणजे २.४ मीटर जागा लागते. ती नालीच्या आतच बसवावी. नालीवर अखंड रपटा, म्हणजे कॉंक्रीटचा सलग स्लॅब ओतला की गाळ काढता येत नाही आणि पहिल्याच जोराच्या पावसात पाणी घरात शिरतं. साठ सेंटिमीटर रुंदीच्या, कडी असलेल्या सुट्या फरश्या टाकाव्यात.

आतला अंधार ही जुन्या चौकाने सोडवलेली गोष्ट. सात फुटांवर लिंटेल, म्हणजे वरची आडवी पट्टी, असलेल्या खिडकीचा कामाचा उजेड पंधरा-सतरा फूट जातो. तीस फूट खोल घराचा मागचा अर्धा भाग त्यामुळे काळोखात राहतो. कुलरचंही तसंच. पुढच्या खिडकीतून आलेली ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर मे महिन्यात अंगाला चिकट घाम सुटतो. मागची खिडकी पार्किंगमध्ये उघडली तर धूर आत येतो, म्हणून जिना घराच्या मागच्या टोकाला घेऊन त्याच्या माथ्यावर जाळीचा झरोका ठेवावा. उजेड खाली येतो, हवा वर जाते. रांग पश्चिमेकडे तोंड करून असेल तर छज्जा पुरत नाही, कारण चार वाजताचं ऊन आडवं येतं. तिथे ओट्यावर पाच फुटी छपरी आणि उभी जाळी दोन्ही लागतात.

मालकीचा मुद्दा कागदावर आधीच सोडवायचा असतो. १९७० च्या कायद्याखालच्या घोषणापत्रात ओटा, पायऱ्या आणि समोरची पट्टी त्या-त्या घराची ‘मर्यादित सामाईक जागा’ म्हणून नकाशासह लिहावी, आणि तिथे शटर वा टपरी बसवता येणार नाही, हेही त्यातच नमूद करावं. हे राहून गेलं तर बाजाराच्या रस्त्यावर पहिला ओटा दुकान होतो; त्याची पत्र्याची शेड शेजारच्या दाराचा उजेड अडवते, आणि मग शेजारीही शटर लावतो.