बडीशेपेचा वास राहतो कुठे?

डब्यातल्या बडीशेपेचा एक जाडसर दाणा ब्लेडने आडवा कापा आणि भिंगाखाली धरा. कापलेल्या भागात कडेकडेने काळसर ठिपके दिसतील: फुगीर बाजूला चार, सपाट बाजूला दोन. या तेलाच्या नळ्या. दाणा दाताखाली येतो तेव्हा त्या फुटतात आणि तो गोड, गार वास तोंडभर पसरतो. आपण ज्याला बी म्हणतो ते खरं तर या झाडाचं फळ. सुकलं की त्याच्या दोन फाका होतात.

त्या तेलातला मुख्य घटक ॲनेथोल. तो वासालाच नव्हे, चवीलाही गोड असतो, साखरेच्या कितीतरी पट. चक्रीफूल हे तर दक्षिण चीन आणि व्हिएतनामकडच्या एका सदाहरित झाडाचं फळ, बडीशेपेच्या नात्यातलंही नाही, पण त्यातही हेच ॲनेथोल. सब्जाच्या काही जातींची पानं चुरडली की बडीशेपेची आठवण होते, तिथे एस्ट्रॅगॉल असतं. दोन्हींचे अणू तेच आणि तेवढेच. फरक फक्त एका दुहेरी बंधाच्या जागेचा. शेपू मात्र बडीशेपेशी पानांनी हुबेहूब जुळतो आणि वासाने पार वेगळा. कोवळी रोपं ओळखायची असतील तर डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, पान चुरडून बघा.

हा वास झाड आपल्यासाठी बनवत नाही. अशी तेलं अनेक किडींना आणि बुरशींना नकोशी असतात. तरीही कोवळ्या फुलोऱ्यावर मावा येतोच, विशेषतः आभाळ भरून आलं की. माझं कळकळीचं सांगणं आहे, लगेच फवारणी करू नका. बडीशेपेच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यातली फुलं इवलीशी आणि उथळ, त्यामुळे आखूड तोंडाच्या कीटकांनाही मध सहज मिळतो. सिरफिड माश्या तिथेच घिरट्या घालतात, आणि त्यांच्या अळ्या माव्यावरच जगतात. ढालकिडेही येतात. फार झालाच तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन काढा. जे झाड आपण मुखशुद्धीसाठी लावतो त्यावर विष कशाला?

लावायची ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस पुरता गेल्यावर. कुंडी निदान फूटभर खोल हवी, कारण सोटमूळ सरळ खाली जातं. भाजलेली बडीशेप उगवत नाही, साधी घ्या. बी सेंटीमीटरभर खोल पेरा, माती ओलसर ठेवा. आठ ते पंधरा दिवसांत दोऱ्यासारखे कोंब दिसतात. पहिल्या वर्षी मी ट्रेमध्ये रोपं करून ती उपटून कुंडीत लावली. मुळं तुटली आणि निम्मी रोपं माना टाकून गेली. गुजरातेत खरिपात रोपं लावूनच हे पीक घेतात हे खरं, पण घरी थेट कुंडीत पेरून विरळणी करणं सोपं. उपटलेली कोवळी रोपं वरणात छान लागतात. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवं, पाणी बेताचं. नत्र जास्त झालं तर नुसता पाला माजतो.

काढणीत मात्र घाई नको आणि आळसही नको. छत्र्या एकाच वेळी पिकत नाहीत. मधली आधी, बाजूच्या मागून, म्हणून चार-पाच वेळा तोडणी होते. लखनवी म्हणून मिळणारी बारीक हिरवी बडीशेप ही दाणे निम्मे भरलेले असतानाच तोडून सावलीत वाळवलेली असते. उन्हात टाकली तर हिरवा रंग फिका पडतो आणि तेलही थोडं उडून जातं. म्हणून पातळ कापडावर, वारा खेळेल अशा सावलीत पसरा.

पुढच्या हंगामासाठी बी धरायचं असेल, तर मधली एक छत्री झाडावरच पिवळी पडू द्या. हिरवे तोडलेले दाणे खायला गोड लागतात, पण पेरायला कच्चेच राहतात.